देव उजव्या हाताला ठेवून

देवासच्या घराच्या जिन्यात एक पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात, सुवाच्य अक्षरात लिहिलेली: "जिन्यात धावण्यास सक्त मनाई आहे." त्याखाली तेच हिंदीत आणि त्याखाली तेच इंग्रजीत, म्हणजे कुणाला सबब नको. तुमचा बाबा आणि आत्या लहान होते तेव्हा खास त्यांच्यासाठी ती लावली होती. पुढे तीस वर्षांनी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ती पाटी लावणारे आमचे घरमालक स्वतःच त्या जिन्यात रोज सकाळी वीस वेळा वर-खाली धावू लागले. तुमच्या आजोबांनी एकदा त्यांना मधल्या पायरीवर गाठलं आणि काही न बोलता पाटीकडे बोट दाखवलं. घरमालकांनी ती प्रथमच पाहिल्यासारखी पूर्ण वाचली, तिन्ही भाषांत. संध्याकाळी पाटीखाली एक नवी ओळ आली होती. "वरील नियम भाडेकरूंसाठी आहे."

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही तुमच्या शाळेतल्या शर्यतीची पदकं दाखवलीत आणि विचारलंत, "आजी, तू कधी खरी मोठी रेस पाहिलीस का?" पाहिली आहे. एकच पाहिली, पण ती पुरेशी होती. ती सांगायची तर हे गृहस्थ आधी सांगायला हवेत. मी नेहमीप्रमाणे मुद्दे काढून लिहायला बसले होते, पण हा माणूस मुद्द्यांत बसत नाही.

ते खाली राहायचे, आम्ही वर. ते सरकारी खात्यात सर्व्हेअर होते. कालवे आणि तलाव होण्याआधी जी जमीन मोजावी लागते, ती मोजण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटी पाणसळ असे. काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. तो मधोमध आला की जागा सपाट. कुणाकडेही गेले की आधी ती टेबलावर ठेवायची, बुडबुड्याकडे पाहायचं आणि मग बसायचं. आमच्या जेवणाच्या टेबलाला खिडकीकडे उतार आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, चहा सांडत नाही ना?" ते म्हणाले, "वहिनी, सांडत नाही, पण त्याची इच्छा आहे."

त्यांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कामाला म्हणून महाराष्ट्रातून इकडे आले. तुमचे आजोबा कारखान्यात नोकरी लागली म्हणून नाशिकहून आले. त्यामुळे एकतीस वर्षं शेजार करूनही त्यांच्या लेखी आम्ही नवेच. "तुम्ही कारखान्याचे मराठी, आम्ही संस्थानचे," असं ते हसत म्हणायचे, पण म्हणायचे. आमच्याशी बोलताना त्यांच्या तोंडी जुनी मराठी असे, "वहिनी, आज न्याहारीस काय केलें आहे?" अशी. आणि तेच वाक्य पुरं व्हायच्या आत खिडकीतून भाजीवाल्याला हाक, "क्या भिया, कल की भिंडी आज टिका रिये हो?" मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण एका श्वासात दोन शतकं ओलांडणारा माणूस हा एकच पाहिला.

डॉक्टरांनी त्यांना रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं, तिथून धावण्याची सुरुवात झाली. चार दिवस ते गावातल्या देवीच्या टेकडीभोवतीच्या रस्त्यानं चालले. पाचव्या दिवशी धापा टाकत परत आले आणि मला म्हणाले, "चाळीस मिनिटांचं काम वीस मिनिटांत उरकलं." मी म्हटलं, औषधही असंच घेता का, दोन गोळ्या एकदम? त्यावर त्यांनी विचार केला. मला उगाच बोलले असं झालं.

पोशाखात बदल नव्हता. पूर्ण पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, वर पांढरा सदरा, खिशात पाणसळ आणि डोक्यावर मोजणीच्या दिवसांतली खाकी टोपी. धावण्याआधी काय खावं यावरही त्यांनी रीतसर प्रयोग केले. पोहे-जिलबी उत्तम ठरली. दाल-बाफले नापास झाले. कणकेचे, उकडून भाजलेले आणि तुपात बुडवलेले चार बाफले खाऊन ते टेकडी चढायला गेले आणि दोन तास आलेच नाहीत. तुमचे आजोबा शोधायला गेले, तर हे पायऱ्यांच्या कडेला भिंतीला टेकून गाढ झोपलेले. येणारी-जाणारी माणसं बिचारा दमलेला यात्रेकरू समजून समोर खडीसाखर आणि फुटाणे ठेवून गेली होती. उठल्यावर त्यांनी फुटाणे खाल्ले आणि वहीत नोंद केली, "बाफले: धावण्याआधी नको."

उन्हाविषयी त्यांचं स्वतंत्र शास्त्र होतं. नोकरीत त्यांच्या बदल्या जिथे झाल्या, त्यावरून त्यांनी उन्हाच्या जाती पाडल्या होत्या. "खातेगावचं ऊन डोक्यावर बसतं. कुक्षीचं खांद्यावर बसतं. आणि डहीचं? डहीचं बसत नाही. ते घरात येतं आणि आपल्यालाच पाणी मागतं." त्यांचं म्हणणं असं, की उन्हाला घाबरून घरात बसलं की ते परक्यासारखं वागतं. त्याच्याशी ओळख ठेवावी. म्हणून ऐन वैशाखात भर दुपारी खिशात कच्चा कांदा घालून ते गच्चीवर फेऱ्या मारायचे. खिशात कांदा असला की लू, म्हणजे उन्हाळी वाऱ्याची झळ, लागत नाही, हे इथे सगळेच मानतात. मीही मानते, पण मी कांदा खिशात घालून घरात बसते.

आणखी एक सवय सांगते, कारण पुढे तिचं काम आहे. देवळात फेरी घालताना देव आपल्या उजव्या हाताला राहायला हवा, हे तुम्हांला ठाऊक आहे. घड्याळाचे काटे फिरतात तसं फिरायचं. बाकीचे लोक हे देवळात पाळतात. आमचे घरमालक रस्त्यावरही पाळायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डाव्या कडेला कडुलिंबाखाली मारुती आहे. सरळ गेलं तर तो डाव्या हाताला येतो. म्हणून हे स्कूटर मारुतीच्या ओट्यामागून, ओटा आणि शिंप्याच्या दुकानाची भिंत यांच्यामधल्या बोळकांडीतून काढायचे. एकदा हँडल अडकलं. ना पुढे, ना मागे. शिंपी दारात येऊन म्हणाला, "काकाजी, आज तो हनुमानजी ने रोक ही लिया!" हे स्कूटरवर बसल्या बसल्या म्हणाले, "कुछ काम होगा." पाऊण तास बसले होते.

तर त्या गच्चीवर, त्यांच्या सत्तराव्या वर्षीच्या मे महिन्यात, ते चक्कर येऊन पडले. पडले ते माझ्या कुरडयांच्या वाळवणावर. दोन चादरीभर कुरडयांचा चुरा झाला, पण त्यांना लागलं नाही, हे कुरडयांचं पुण्य. मी पाणी मारलं, त्यांना सावलीत ओढलं आणि बेंगळुरूला त्यांच्या मुलाला फोन केला. तो फोन मी करायला नको होता असं मला पुढे अनेकदा वाटलं.

मुलगा डॉक्टर, एकुलता एक. लहानपणी माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला यायचा. आई गेल्यापासून त्याचा एकच धोशा होता: बाबांनी एकटं राहू नये, घर बंद करून आपल्याकडे यावं. आता त्याला कारण मिळालं. तो दिवाळीला आला आणि चार दिवस तेच बोलत राहिला. घरमालक हो म्हणेनात, नाही म्हणेनात. पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या दारावर नवी पाटी: "या घरात स्थलांतराविषयी चर्चा करू नये."

"काकू, हे बघा!" मुलगा माझ्याकडे आला. "मी यांचा मुलगा आहे की भाडेकरू?"

"चिरंजीवांस सांगा," खालून आवाज आला, "की बापाशी पाटी लावून बोलावं लागतं ही बापाची चूक नव्हे."

शेवटी तोड निघाली ती अशी. इंदूरच्या काही तरुण मंडळींनी होळीनंतर धारजवळच्या मांडवच्या जुन्या किल्ल्यावर अर्ध्या मॅरेथॉनची शर्यत ठेवली होती. एकवीस किलोमीटर, सगळा चढ-उताराचा रस्ता, आणि चैत्र तोंडावर आलेला. घरमालक म्हणाले, मी ती तीन तासांत पुरी करतो. केली, तर स्थलांतराचा विषय कायमचा बंद. नाही केली, तर घराला कुलूप लावून तुझ्याकडे येतो, तोही कायमचा. मुलगा हसला आणि तयार झाला. त्याची अट एकच होती. "घड्याळ काकूंच्या हातात राहील. दहावीच्या सराव परीक्षेत अर्धा मार्क मागायला गेलो होतो, त्यांनी तो दिला नव्हता."

शाळेच्या क्रीडादिनाचं माझं जुनं स्टॉपवॉच होतं, ते मी काढलं. कागदावर अटी लिहून दोघांनी सह्या केल्या. मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. पण एका सकाळी जिन्यात फेऱ्या मारताना घरमालक माझ्या दारापाशी थांबले आणि घाम पुसत म्हणाले, "वहिनी, एक विचारूं? तो अकराव्या मजल्यावर राहतो. तिथे सकाळी उठून खिडकीतून हाक कुणाला मारायची?" उत्तराची वाट न पाहता ते खाली धावत गेले. त्यानंतर मला ती गंमत वाटेनाशी झाली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही धारला एका ओळखीच्या घरी उतरलो आणि पहाटे मांडवला पोचलो. मैदानात चारेकशे माणसं असतील. रंगीत बनियन, छोट्या विजारी, कानांत तारा. त्यांत हे पूर्ण पँटीत, टोपी घालून. छातीवर नंबराचा कागद टाचण्यांनी लावायचा असतो. तो त्यांनी मला लावायला सांगितला आणि वर पाणसळ धरून म्हणाले, "डावीकडून जरा वर घ्या." मागची मुलं फोटो काढायला लागली. एकानं विचारलं, "दादाजी, जेब में क्या है?"

"कांदा."

"ग्लुकोज नहीं?"

"ग्लुकोज दौड़ने के लिए, भिया. कांदा जिंदा रहने के लिए."

सहा वाजता शर्यत सुटली. ते सगळ्यांत शेवटी निघाले, कारण मागून लोटालोटी त्यांना आवडत नाही. मी घड्याळ सुरू केलं. मुलानं रक्तदाबाचं यंत्र, मीठ-साखरेचं पाणी आणि ओला टॉवेल अशी सगळी मांडणी एका झाडाखाली केली आणि तो येरझाऱ्या घालू लागला. मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला आणि लगेच उठला.

आठ वाजता ऊन चांगलंच तापलं. मांडवचं ऊन कुठल्या जातीचं हे मी त्यांना विचारलं नव्हतं, पण दगडी कमानींवरून ते अंगावर परत येतं एवढं खरं. रस्त्याकडेला भिल्ल बाया खुरासानी चिंचेची फळं घेऊन बसल्या होत्या. ही झाडं तुम्ही चित्रांत पाहिली असतील, बुंधा रांजणासारखा आणि फांद्या मुळांसारख्या. फळाच्या आतला गर आंबट असतो, तोंडाला पाणी सुटतं. पहिले धावणारे दीड तासातच परत आले होते. आता सगळे मधले येत होते, लालबुंद होऊन, मीठ वाळलेल्या चेहऱ्यांनी.

पुढचं मी पाहिलं नाही. ते मला नंतर वाटेत रस्ता दाखवायला उभ्या असलेल्या एका पिवळ्या टी-शर्टवाल्या पोरीनं सांगितलं, आणि ती हसत सांगत होती, त्यामुळे थोडं कमी-जास्त असेल.

शर्यतीचा शेवटचा भाग असा होता: घाट उतरून खाली जायचं, सोळाव्या किलोमीटरला एका पिंपळाच्या ओट्याला वळसा घालायचा आणि तोच घाट चढून मैदानात परत यायचं. समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून धावणाऱ्यांना रस्त्याच्या उजव्या कडेनं ठेवलं होतं, म्हणून ओट्याचा वळसाही उजवीकडून डावीकडे आखला होता. आखणाऱ्या मुलांना तो नुसता ओटा दिसला. त्यावर शेंदूर फासलेले भैरू महाराज आहेत हे त्यांनी पाहिलं असेल, पण त्याचा अर्थ लावला नाही. सकाळपासून तीनशे माणसं भैरवनाथाला डाव्या हाताला ठेवून उलटी प्रदक्षिणा घालून गेली होती.

घरमालक तिथे पोचले तेव्हा दोन तास सहा मिनिटं झाली होती. म्हणजे ते अगदी वेळेत होते. उरलेला चढ ते पन्नास मिनिटांत चढले असते.

"अंकलजी, इधर से! लेफ्ट से घूमिए!" पोरगी ओरडली.

ते थांबले. "बेटा, उधर से तो भैरू महाराज उल्टे हाथ पे आते हैं."

"अंकलजी, ये सिर्फ टर्निंग पॉइंट है."

"तुम्हारे लिए टर्निंग पॉइंट है. उनका तो घर है."

आणि ते उजवा हात ओट्याकडे ठेवून, समोरून वळून येणाऱ्या सगळ्यांच्या तोंडावर, सरळ चालू पडले. एक चष्मेवाला त्यांच्यावर आदळला आणि "सॉरी सर" म्हणाला. त्याला त्यांनी खांद्याला धरून उलटं फिरवलं. त्याच्या मागच्यालाही फिरवलं. पाण्याच्या पिंपाजवळ गावातली एक म्हातारी बसली होती, ती उठून उभी राहिली. "काकाजी सई के रिया है! हूँ तो सवेरे से देखी री हूँ, सब उल्टा फिरी रिया है. म्हने सोच्यो, शहर वाला असाज फिरता होयगा."

एवढा पाठिंबा मिळाल्यावर ते पुढे कसे जाणार? ते वळणाच्या तोंडाशी उभे राहिले, हात आडवा केला आणि येणाऱ्या प्रत्येकाला पलीकडून पाठवू लागले. पोरगी रडकुंडीला आली. तिनं वर फोन लावला. "सर, यहाँ एक अंकल ने पूरा रूट पलटा दिया है!"

"डिस्टेंस कम हो गया क्या?"

"नहीं सर. उतना ही है."

"फिर घूमने दो ना."

पोरीनं मग स्वतःच रस्त्यावरचे लाल शंकू उचलून दुसऱ्या बाजूला मांडले. ते नीट, एका रेषेत मांडले गेले आहेत ना हे घरमालकांनी वाकून पाहिलं, एक शंकू वीतभर सरकवला, भैरवनाथाला हात जोडले आणि मगच वर, घाटाकडे नजर टाकली. अटीप्रमाणे घड्याळ त्यांच्याजवळ नव्हतं. त्यांनी सूर्याकडे पाहिलं. पोरगी म्हणाली, "आंटी, फिर अंकलजी का मुँह एकदम उतर गया. और फिर वो भागे."

इकडे मैदानात आम्हांला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन तास पन्नास झाली. पंचावन्न झाली. घाटाच्या वळणावर कोणी दिसलं की मुलगा टाचा उंचावून पाहायचा. एक पांढरा सदरा दिसला, तो दूधवाला निघाला. मुलाचा चेहरा पांढरा पडत चालला होता. मला वाटलं, बापाच्या प्रकृतीची काळजी.

"काकू," तो एकदम म्हणाला, "घड्याळ थांबवा."

"अरे, पण ते अजून आले नाहीत."

"म्हणूनच म्हणतोय. आत्ता थांबवा. दोन तास एकोणसाठ."

मी म्हटलं, "तूच ना अट घातलीस?"

"घातली. मला वाटलं, ते फॉर्म भरतील आणि दारावर पाटी लावतील. खरंच धावतील असं कुठे वाटलं होतं!" त्यानं टॉवेल पिळून पिळून कोरडा केला होता. "मला बाबा हवेत, काकू. हरून आलेले बाबा नकोत. थांबवा ना. आणि त्यांना सांगू नका."

माझा अंगठा बटणावर होता. तुमच्या आजीला सगळे तत्त्वाची बाई समजतात, म्हणून तुम्हांला खरं सांगते. मी तत्त्वासाठी थांबले नाही. मी विचार करत होते, आणि माझा विचार होईपर्यंत काटा तीन तासांवरून पुढे निघून गेला. नंतर थांबवण्यात अर्थ नव्हता.

ते दिसले तेव्हा धावतच होते. टोपी हातात, सदरा अंगाला चिकटलेला, गालात खुरासानी चिंचेचा तुकडा. कुणा बाईनं घाटात दिला असणार. मैदानातली मुलं टाळ्या वाजवत दोन्ही बाजूंना उभी राहिली. दोरी ओलांडून ते सरळ माझ्यासमोर आले.

"किती?"

मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "तीन तास, चार मिनिटं."

"आणि सेकंद?"

"अकरा."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

मुलानं यंत्र लावलं. रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला निघाला. तेवढ्यात ती पिवळ्या टी-शर्टवाली पोरगी गाडीतून उतरली, ह्यांना पाहून तिनं कपाळाला हात लावला आणि सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता मुलाचा चेहरा उजळला.

"बाबा, म्हणजे तुम्ही तिथे आठ मिनिटं उभे होतात? मग ती वजा करू! दोन तास छप्पन्न! जिंकलात तुम्ही!"

"वजा का म्हणून? मला तिथे कुणी बांधून ठेवलं होतं?"

"पण कारण तर होतं ना!"

"कारण असेलही. कागदावर कारणाचा रकाना नाही." ते उठले आणि पँट झटकू लागले. "कधी निघायचं बोल."

"कुठे?"

"तुझ्याकडे. कायमचं."

"अहो, कसली घाई आहे? राहा की देवासला. एवढी काय चार मिनिटं..."

"पाच वर्षं 'चला चला' म्हणून डोकं खाल्लंस, आणि आता मी चल म्हणतोय तर 'राहा'?"

"मी म्हणतो ना राहा!"

"मी नाही राहणार!"

भर मैदानात, छातीवर नंबर लावलेला बाप आणि हातात रक्तदाबाचं यंत्र घेतलेला मुलगा तावातावानं भांडत होते, आणि प्रत्येकजण दुसऱ्याची बाजू मांडत होता. पोरीनं मला हळूच विचारलं, "आंटी, जीता कौन?"

अक्षय्य तृतीया झाल्यावर ते बेंगळुरूला गेले. किल्ल्या माझ्याकडे दिल्या. दारावर पाटी होती: "घरमालक कामानिमित्त बाहेरगावी आहेत." कायमचं जाणाऱ्यानं असं लिहू नये, हे मी त्यांना म्हटलं नाही.

पुढचे दोन महिने फार वाईट गेले. फोनवर ते अतिशय नम्र बोलायचे, आणि तेच मला सोसेना. "सर्व ठीक आहे, वहिनी. फरशी उत्तम सपाट आहे. बुडबुडा मधोमध." बस, एवढंच. मुलगा सांगायचा की ते धावत नाहीत, चालतही नाहीत. बाल्कनीत बसतात. चहा घेऊ का म्हणून सुनेला विचारतात. घरात एकही पाटी लावलेली नाही. "काकू, शिक्षा भोगायला आल्यासारखे राहतात हो. मला बघवत नाही."

'सांगू नका' म्हणाला होता मुलगा, पण शेवटी एका संध्याकाळी मी तो शब्द मोडला. आयुष्यात फार वेळा मोडलेला नाही. मी फोन केला आणि म्हटलं, "भाऊसाहेब, एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही घाटात होतात तेव्हा चिरंजीव माझ्यापाशी आला होता. म्हणाला, घड्याळ थांबवा. तुम्ही जिंकावंत म्हणून."

पलीकडून मग त्यांचा जुना आवाज आला, मोजणीच्या वहीत आकडा भरताना असायचा तसा.

"कितीला म्हणाला?"

"दोन तास एकोणसाठ मिनिटांना."

"म्हणजे अजून एक मिनिट शिल्लक होतं."

"होतं."

"एक पूर्ण मिनिट! आणि नालायकाला बापाचा तेवढाही भरवसा नव्हता!" आणि त्यांनी फोन आपटला.

मी रात्रभर तळमळले. बाप-लेकांत होतं नव्हतं तेही मी बिघडवलं, असंच वाटत राहिलं. सकाळी सात वाजता मुलाचा मेसेज आला. तो मी अजून जपून ठेवला आहे, तुम्हांला शब्दशः उतरवून देते.

"काकू, बाबांना काय सांगितलंत तुम्ही? पहाटे साडेपाचला माझ्या दारावर थापा मारत उभे होते. डोक्यावर टोपी, मोज्यात पँट. म्हणाले, एका मिनिटात किती अंतर कापतात ते तुला दाखवतो, ऊठ, बूट घाल."